टाकीचा स्वेटर

माझा दादा नक्की काय काम करतो, हे आमच्या नातेवाइकांना अजून नीटसं कळलेलं नाही. निम्म्यांना वाटतं तो बर्फाच्या कारखान्यात आहे. उरलेल्यांना वाटतं तो मोठा डॉक्टर आहे, पण स्वभावामुळे सांगत नाही. ज्यांना मूल होत नाही अशांवर उपचार करणाऱ्या एका दवाखान्याच्या तळघरात तो टाक्या सांभाळतो, हे मी इतक्या लग्नांत इतक्या लोकांना समजावलंय की आता मीच कधीकधी ‘बर्फाच्या कारखान्यात’ म्हणून मोकळी होते. गल्लीतली मुलं त्याला बर्फवाला म्हणतात. तो चिडत नाही. दादा कशानेच चिडत नाही, आणि धाकटी बहीण म्हणून जन्माला आलेल्या माणसाचं याहून मोठं नुकसान नाही.

टाक्या पाहिल्या तर फार काही वाटत नाही. दुधाच्या मोठ्या कॅनसारख्या, कमरेएवढ्या उंच, अरुंद गळ्याच्या. आत नायट्रोजन असतो. हवेतलाच, पण इतका गार केलेला की तो पाण्यासारखा पातळ होतो. त्यात बुडवलेल्या बारीक नळ्यांमध्ये जोडप्यांचे गर्भ गोठवून ठेवलेले असतात. आईच्या पोटाबाहेर, काचेच्या बशीत जुळून आलेले, नुसत्या डोळ्यांना धड दिसणारही नाहीत एवढे. नायट्रोजन सतत थोडाथोडा उडून जातो. म्हणून दादा तोंडासमोर काच आणि हातात जाड मोजे घालतो, खोलीचं दार सताड उघडं ठेवतो, कारण तो वायू खोलीत साठला तर माणसाला श्वास पुरत नाही, आणि मग एकेका टाकीचं झाकण उचलून आत एक लांब काळी पट्टी बुडवतो. पट्टी बाहेर काढून हवेत हलवली की जिथपर्यंत ती बुडाली होती तिथपर्यंत तिच्यावर पांढरा थर धरतो. तेवढी पातळी. कमी भरली तर वरून ओततो. ओतताना पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत पायांशी येते. झाकण घट्ट लावायचं नसतं, नुसतं नीट ठेवायचं असतं, म्हणजे उडणाऱ्या वायूला वाट राहते. कोंडला तर टाकी फुटेल, आणि झाकण वाकडं राहिलं तर सगळा भराभरा उडून जाईल. दादाचं अख्खं आयुष्य या दोन्हींच्या मधे गेलंय.

एकदा तो डबा विसरला म्हणून मी द्यायला गेले होते. दाराशी उभी राहून पाहत होते. पहिल्या टाकीपाशी गेला, झाकणावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “उघडतोय हं.” दुसऱ्या टाकीपाशी पुन्हा तेच. मला वाटलं माझी चेष्टा करतोय. नंतर विचारलं तर म्हणाला, मी कुठे काय म्हणालो. त्याला खरंच माहीत नव्हतं. झोपलेल्या मुलाच्या खोलीत शिरताना आपण जसं बोलतो, तसं हा वर्षानुवर्षं टाक्यांशी बोलत होता, आणि पगार मात्र फक्त ओतण्याचा घेत होता.

त्या टाक्यांतल्या एकीत त्याची स्वतःची मुलगीही काही महिने होती. लग्नानंतर बरीच वर्षं दादा आणि वहिनीला मूल झालं नाही. शेवटी त्याच दवाखान्यात उपचार घेतले, तीन गर्भ जुळून आले, तिघांना गोठवलं. त्यातल्या एकाची भिंगरी झाली. भिंगरी हे तिचं खरं नाव नाही, पण ती एका जागी उभी राहिलेली कोणी पाहिलेली नसल्यामुळे तेच पडलं. तिच्या जन्माच्या वेळी वहिनीला इतका रक्तस्राव झाला की तिला वाचवायला डॉक्टरांना गर्भाशयच काढावं लागलं. वहिनी वाचली, भिंगरी आली, आम्ही देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानून मोकळे झालो. उरलेल्या दोघांची आठवण तेव्हा कोणालाच झाली नाही. ती दोघं टाकीत होती, आणि टाकी दादाकडे होती.

दवाखान्याचा नियम असा की गोठवलेले गर्भ काही वर्षांपलीकडे ठेवत नाहीत. मुदत संपत आली तशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बोलावून विचारलं. नष्ट करायचे, की मूल हवं असलेल्या दुसऱ्या जोडप्याला द्यायचे? तिसरा रस्ता नव्हता. वहिनी घरी आली ती गप्पच.

ती गप्प का झाली हे मला आधी कळलं नाही. मी असल्या बाबतीत नास्तिक नाही, आळशी आहे. पण वहिनीला एकच गोष्ट हवी होती. त्या दोघांत आत्मा आहे का, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. असेल, तर नष्ट करणं म्हणजे स्वतःच्या पोरांना मारणं, आणि देणं म्हणजे स्वतःची पोरं परक्यांच्या हवाली करणं. नसेल, तर ती ज्यांच्यासाठी रात्रंदिवस झुरतेय ते कोणीच नाहीत आणि ती वेडी आहे. इकडे आड, तिकडे विहीर. नष्ट करायचं नाव काढलं की ती भिंगरीकडे पाहायची. द्यायचं नाव काढलं की म्हणायची, मग मी जन्मभर रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक पोराचं नाक बघत बसू का. आमच्या घराण्याचं नाक लपण्यासारखं नाही, हे मान्य करायला हवं.

आत्म्याच्या बाबतीत सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच नसते. माझ्या आत्याने कुठे तरी ऐकलं होतं की आईला पोटात पहिली हालचाल जाणवते तेव्हा आत्मा येतो. वहिनीचे वडील म्हणाले, पहिल्या श्वासाबरोबर येतो आणि शेवटच्या श्वासाबरोबर जातो, साधा हिशेब आहे. दोघेही इतक्या खात्रीने बोलत होते की जणू दारात उभं राहून त्यांनी आत्म्याला आत घेतलं होतं.

आणि दादाकडेच राहणारी आमची आई. आईचं मत पहिल्या क्षणापासूनचं. गर्भ जुळला की आत्मा आला, संपलं.

“आत्मा काय भाडेकरू आहे,” ती म्हणाली, “घर पूर्ण बांधून रंग दिल्यावर राहायला यायला?”

मी म्हटलं, मग एवढी वर्षं तो त्या टाकीत बसून करतो काय?

“वाट बघतो,” आई म्हणाली.

वहिनी उठून आत गेली. मला वाटलं आपली जीभ कापून टाकावी. आईलाही वाटलं असावं, कारण त्या दिवशी तिने चहात साखर घातलीच नाही आणि आम्ही सगळे तो मुकाट्याने प्यालो.

शेवटी वहिनीने मला बरोबर घेतलं आणि आम्ही धर्मगुरूंकडे गेलो. ते आमच्या भागातले जुने, आईच्या लग्नापासूनचे. प्रवचनात त्यांचा आवाज असा की मागच्या रांगेतला पेंगणारा माणूसही दचकून पुण्यवान होतो. याच विषयावर त्यांनी प्रवचन दिलेलं मी स्वतः ऐकलं होतं, आणि त्यात आईचंच मत होतं, फक्त अवघड शब्दांत. ते खुर्चीत बसले होते, पायावर पांघरूण होतं. वहिनीने सगळं सांगितलं. मग सरळ विचारलं, “ती दोघं आहेत, की नाहीत?”

त्यांनी पायावरचं पांघरूण नीट केलं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसले.

“बाई,” ते म्हणाले, “प्रवचनात मला माहीत असतं. तू अशी समोर बसून विचारलंस, की मला माहीत नाही.”

बाहेर आल्यावर मी पुष्कळ तोंडसुख घेतलं. एवढी वर्षं लोकांना शिकवता आणि वेळ आली की हात वर करता? वहिनी मात्र रागावली नव्हती. ती म्हणाली, निदान ते खोटं तरी बोलले नाहीत. पण मुदत दारात येऊन उभी होती, आणि उत्तर कोणाकडेच नव्हतं.

या सगळ्यात दादा काय म्हणत होता? काही नाही. मी खनपटीला बसले तेव्हा एवढंच म्हणाला, “मी झाकण लावतो. त्याच्या पुढचं मला येत नाही.” पण तो वाळला होता. जेवताना घास हातात धरून बसायचा.

आता स्वेटरचं सांगते. आईचं विणकाम ही आमच्या घरावर कोसळणारी नैसर्गिक आपत्ती आहे. तिच्या प्रत्येक स्वेटरची एक बाही लांब असते आणि ती लांब बाही कुठली येणार हे देवही सांगू शकत नाही. त्या दिवसांत तिने एका संध्याकाळी दादाला विचारलं, त्या टाकीत थंडी किती असते. दादाने सांगितलं. मग टाकी केवढी आहे ते विचारलं, हाताने घेर करून दाखवायला लावला. दादाला धोका तेव्हाच कळायला हवा होता.

काही दिवसांनी तिने त्याच्या पुढ्यात एक गर्द हिरवं लोकरीचं आवरण ठेवलं. खाली घेर, वर गळा, गळ्याला झालर.

दादाने तिला समजावलं. टाकीच्या दोन भिंती असतात, मधे पोकळी असते, बाहेरून हात लावला तर गारही लागत नाही. लोकरीने काही फरक पडायचा नाही. आणि आत थंडी हवीच असते, थंडीमुळेच ती टिकतात. पालथ्या घड्यावर पाणी.

“टिकतात ते कळलं मला,” आई म्हणाली. “पण गारठतात की नाही?”

दादाने आवरणाची घडी घातली. आईला नाही म्हणणं त्याला कधी जमलेलंच नाही. पुढे जोडून सुट्ट्या होत्या. त्यांच्या आदल्या दिवशी, सगळे गेल्यावर, त्याने ते हिरवं आवरण टाकीला घातलं. सुट्टीत कोण बघतंय, परत आल्यावर काढून टाकू, आईला सांगू की घातलं होतं, तिचंही समाधान होईल. असा त्याचा साधा विचार. पट्टी बुडवून पातळी पाहिली, वर ओतलं, झाकण ठेवलं. फक्त झालरीची एक बाजू झाकणाखाली आली, आणि झाकण एका कडेने किंचित उचललेलं राहिलं. इतक्या वर्षांत ज्याचं झाकण एकदाही वाकडं राहिलं नाही त्याचं राहिलं, ते आईच्या मायेमुळे.

सुट्ट्या संपल्या त्या सकाळी मी दादाकडेच होते, भिंगरीला बालवाडीत सोडायला. तिचे मोजे शोधत होते. वहिनीचा फोन वाजला. तिचे हात ओले होते म्हणून तिने तो ओट्यावर ठेवूनच स्पीकरवर घेतला.

“अगं, पातळी खूप खाली गेलीये,” दादा म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखला नसता. “झाकण वाकडं राहिलं. ते स्वेटरचं अडकलं. डॉक्टरीणबाई आत बघतायत. कळलं की सांगतो. आईला काही बोलू नकोस.”

आई दारातच उभी होती.

ती तिथल्या तिथे चपलांच्या स्टँडवर बसली. मी पाणी आणलं, तिने घेतलं नाही. नुसते स्वतःचे हात बघत होती, विणणारे. त्या टाकीत आणखी कितीतरी लोकांचे गर्भ होते, दादाची नोकरी होती, पण खरं सांगते, आमच्या तिघींच्याही मनात तेव्हा फक्त ती दोघं होती. मी, जिला आत्म्याबित्म्याचं काही पडलेलं नव्हतं, ती मी मनात घोकत होते की असू देत, असू देत. कोण असू देत, ते मला विचारू नका.

वहिनी नळ तसाच सोडून ओट्याला टेकून उभी होती. भिंगरी एक मोजा घालून गोल फिरत होती.  मग वहिनी बोलली, आमच्याशी नाही, भिंतीशी.

“ती दोघं मी द्यायला हवी होती कोणाला तरी.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती म्हणाली, “मी विचारत बसले, ती आहेत का, ती आहेत का. आणि कुठल्या तरी घरात त्यांची वाट बघणारं कोणी होतं, ते मी विचारलंच नाही.”

 आईने भिंगरीला धरून जवळ ओढलं आणि दुसरा मोजा घातला.

फोन परत वाजला तेव्हा कोणीच हात पुढे करेना. शेवटी मीच घेतला. दादा तुटक तुटक सांगत होता. नळ्या टाकीच्या तळाशी असतात. वरचा बराचसा नायट्रोजन उडाला होता, पण तळाला पुरेसा होता. सगळ्या नळ्या बुडलेल्या होत्या. आपल्याही आणि सगळ्यांच्याही. डॉक्टरीणबाईंनी एकेक तपासून पाहिली होती, वर नवीन ओतूनही झालं होतं.

आमचा जीव भांड्यात पडला. वहिनी खाली फरशीवरच बसली आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली, मग रडायला, मग पुन्हा हसायला. मघाशी न घेतलेलं पाणी आईने आता मागून घेतलं आणि ती ते एका दमात प्यायली. मी भिंगरीला उचलून गोल फिरवलं. तिला वाटलं बालवाडीला सुट्टी मिळाली, आणि मिळालीच.

दादाने डॉक्टरीणबाईंना सगळं आपण होऊन सांगितलं. त्या फार रागावल्या, आणि त्यांचा राग योग्यच होता. लेखी ताकीद मिळाली. ताकीद लिहिताना त्यांनी विचारलं, कारण काय लिहू? दादा म्हणाला, स्वेटर. त्या म्हणे तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. आवरण पिशवीत घालून त्याच्या हाती परत दिलं.

त्या रात्री आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती वहिनीशेजारी भाजी निवडत बसली होती. आई जेव्हा भाजी फार बारकाईने निवडते तेव्हा काहीतरी बोलायचं असतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही थांबलो.

“मी रात्रभर विचार केला,” ती म्हणाली. “आत्मा आला असेल, तर त्याला घर मिळेल. अजून यायचा असेल, तर त्याला यायला दार मिळेल. आपल्याकडे काय आहे? टाकी.”

वहिनीने मान वर केली. “तुम्हाला चालेल, आई? दुसऱ्यांच्या घरात?”

“न चालायला काय झालं. मी माझ्या हाताने घालवली असती ती. निदान आता हाताने देऊ तरी.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि नाकाचं म्हणशील, तर ज्यांना मूलच नाही त्यांना नाकाचं काय कौतुक.”

इतक्या विद्वानांना जे जमलं नाही ते आईने केलं असं मी म्हणणार नाही. आत्मा कधी येतो हे तिलाही कळलेलं नव्हतंच. पण ते कळल्याशिवाय पुढे जाता येतं, एवढं तिला भीतीने शिकवलं, आणि तिने ते वहिनीला दिलं. त्या दुपारी वहिनी झोपली. कित्येक महिन्यांत ती दुपारची झोपलेली मी पाहिली नव्हती. भिंगरी तिच्या पायांवरून उड्या मारत होती तरी तिला जाग आली नाही. दादाने घरी आल्यावर तिला तशी पाहिली आणि दारातच उभा राहून दोन पोळ्या नुसत्या खाल्ल्या.

दोघांनी दवाखान्यात जाऊन संमती दिली. आई धर्मगुरूंकडे गेली, पण विचारायला नाही, सांगायला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं झालं. त्यांनाही हायसं वाटलेलं दिसलं, आई म्हणाली. त्यांच्याही जिवाला घोर होताच की.

ती कोणाकडे जाणार हे दवाखाना सांगत नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून आईने एक नवीनच सुरू केलं. संध्याकाळी दादा दारात बूट काढत असताना ती आतून विचारायची, “झाकण नीट लावलंस ना?” रोज. पाहुणे असले तरी. दादा म्हणायचा, हो. मग ती पुढच्या कामाला लागायची. ते हिरवं आवरण उसवून तिने भिंगरीला स्वेटर केला. डावी बाही लांब आहे.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी दादा आला तो बूट न काढताच आत आला. आपली जागा रिकामी झाली, म्हणाला. आपली कोणाच्या तरी पोटात गेली. एक की दोन, आईने विचारलं. दोन्ही, एकाच घरी, दादा म्हणाला. एवढंच त्याला कळलं होतं, आणि तेवढंही त्याने सांगायला नको होतं.

 वहिनीने डोळे पुसले आणि दादाच्या पाठीवर हात ठेवला. मला वाईट वाटेल असं मी धरून चालले होते, पण वाटलं नाही. लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस सुखरूप पोचल्याचा निरोप आल्यावर वाटतं, तसं वाटलं. आई उठून देवापाशी गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथेच होते. दादा आला, दारात बूट काढायला वाकला, आणि आतून आईचा आवाज आला.

“झाकण नीट लावलंस ना?”

दादा तसाच वाकलेला थांबला. “आई, आपली आता नाहीत तिथे.”

“बाकीच्यांची आहेत ना?” आई म्हणाली.